कुठलं ‘उद्या ये’?

लक्ष्मीपुरीत, धान्यबाजाराच्या कोपऱ्यावर
शौकत अत्तारांचं रेकॉर्डिंगचं दुकान होतं
आणि मी तिथला, अक्षर बरं म्हणून ठेवलेला पोरगा.
साठची कॅसेट, दोन बाजू,
गाण्यांची नावं कार्डावर हिरव्या शाईत.
लाल मामूंना चालायची नाही.
‘लाल म्हंजे उधारी,’ म्हणायचे.

वहीत ‘उ’च्या पानावर
एकच नाव पाच वेळा.
उद्या ये. खाली परत, उद्या ये.
शेजारी मामूंच्या खुणा :
ही लावणी. बाई पायरीवर, दार अर्धं लोटलेलं,
‘ये’ असं ओढते
की आलेला माघारी वळूच नये.
हे भजन. यम उंबऱ्यात उभा
आणि आत बाई सांगते, पीठ मळायचं राहिलंय.
हे सिनेमातलं, तळ्याकाठचं, व्हायोलिनंच व्हायोलिनं.
हे बँडवाल्यांचं, शब्द नाहीत, नुसतं क्लॅरोनेट;
वरातीत वाजवत नेतात भर गर्दीतनं,
नवरीला ‘उद्या ये’ म्हणतोय आपण
हे कुणाच्या गावी नसतं.
पाचवं कन्नड, निपाणीकडनं आलेलं.
त्याचं नाव मामूंनी स्वतःच मराठी करून टाकलेलं.

सोमवारी उद्यमनगरला सुट्टी.
आनंदा बुचडे आला त्या दिवशी,
नखांत लोखंडाची काळी रेघ, अंगात धुतलेला शर्ट.
‘ते उद्या ये भरून द्या.’
‘कुठलं?’
‘म्हंजे? किती हाईत?’

मामूंनी पाचही लावली.
भजनाला त्यानं हात जोडले, आणि मान हलवली : न्हवं.
‘चाल तरी सांगा की.’
‘चाल कुठली सांगू? लेथ चालू असायचा.
पलीकडच्या शेडात रेडिओ.
एक जॉब काढून दुसरा लावूस्तर मशीन बंद,
तेवढ्यातच ऐकू यायचं.
मधी एक जागा हाय बगा.
बाई थांबती. श्वास घेती. आन् मग म्हणती.’
‘काय म्हणती?’
‘तवर लेथ चालू.’

लावणीत बाई श्वास घेत नव्हती,
तिच्या वाटचा ढोलकी घ्यायची.
सिनेमातल्या बाईचा श्वास
कुणीतरी कात्रीनं काढून टाकलेला.
क्लॅरोनेटवाला घ्यायचा, दम लागल्यासारखा.
‘ह्यो न्हवं,’ आनंदा म्हणाला, ‘ह्यो बापय हाय.’

मग सांगितलं त्यानं, कार्डांच्या गठ्ठ्याकडं बघत :
सीपीआरच्या डॉक्टरनं कान तपासलेत,
एक गेलाय, दुसरा जाणार.
त्याआधी एकदा पुरं ऐकावं म्हटलं.

मामू बराच वेळ वही चाळत राहिले.
म्हणाले, ‘उद्या या. शोधून ठेवतो.’
एक क्षण तिघंही गप्प,
आणि मग आनंदाच असा हसला
की समोरच्या गुळाच्या अडतीवरनं माणसं डोकावली.

तीन सोमवार आला. नंतर नाही.

आता तिथं मोबाईलची कव्हरं मिळतात.
फोनवर ‘उद्या ये’ टाकलं
तर अंगठा दुखेपर्यंत यादी सरकते.
राजारामपुरीतल्या एका पोराचं रॅप :
साहेब जागेवर नाही, शिपाई म्हणतो, उद्या ये.
त्याच लावणीचं डीजेवालं, खिडक्या थरथरवणारं.
एक अंगाईसुद्धा. बागुलबुवाला.
चाली सोडून देतो मी, शब्दही.
रात्री हेडफोन लावून फक्त जागा बघतो.

परवा एकात, तिसऱ्या कडव्याआधी
कोण तरी बाई थांबली.
श्वास असेल. बाहेरनं रिक्षा गेली असेल.
पुढं जे म्हणाली ती, ते साधंच होतं,
इथं लिहीत नाही.

वही आहे अजून.
सहावी नोंद केली, हिरव्याच शाईत.
खुणेची जागा रिकामी ठेवली.
गेलेला कान डावा होता की उजवा,
एवढं मात्र त्याला
विचारायचं राहिलं.